पेंग्विनसाठी फळीवर उभे राहतो, मग कासवासाठी का नाही?

गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघा, पेंग्विन असू शकतो. केपटाऊनपासून तासाभराच्या रस्त्यावर सायमन्स टाऊन म्हणून गाव आहे, तिथल्या बोल्डर्स बीचच्या पार्किंगमध्ये असा बोर्ड लावलाय आणि लोक खरोखर वाकून बघतात. आमच्या बसचा ड्रायव्हरसुद्धा खाली उतरला, चाकांच्या मागेपुढे बघून आला आणि मगच त्याने बस काढली. माझी आई खिडकीतून ते बघत होती. म्हणाली, "आणि आपल्याकडे टेंबावर वाळूत जिपा घालतात." एवढंच म्हणाली आणि गप्प बसली, पण त्या वाक्याने पुढचे चार दिवस माझी पाठ सोडली नाही.

आम्ही गोव्यातल्या मोरजीचे, टेंब म्हणजे आमच्या गावचा तो किनारा जिथे समुद्री कासवं अंडी घालायला येतात. धाकटा भाऊ बोटीवर आहे. गोव्यात 'बोटीवर' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही, वाड्यावाड्यावर एकेक तारवटी असतोच. बारा वर्षं झाली त्याला क्रूझवर हाऊसकीपिंगमध्ये, घरच्यांना सवलतीत नेता येतं म्हणून दरवर्षी मागे लागायचा आणि दरवर्षी काहीतरी अडायचं, कधी वडिलांचं आजारपण, कधी मुलीची परीक्षा. शेवटी २०२५ च्या फेब्रुवारी-अखेरीला आई, बायको, मुलगी आणि मी डरबनला जाऊन बोट पकडली आणि मार्चच्या सुरुवातीला केपटाऊनला पोचलो. क्रूझचं वर्णन मी करत नाही, जेवण भरपूर, समुद्र भरपूर, भाऊ दिवसाला वीस मिनिटं भेटायचा. सांगायचंय ते त्या अर्ध्या दिवसाबद्दल.

बोल्डर्सला मुख्य वसाहत आहे तिथे, फॉक्सी बीचला, वाळूत पाय ठेवायला मिळत नाही. लाकडी फळ्यांची वाट जमिनीपासून उंच बांधलीय, दोन्ही बाजूंना कठडा, त्यावरून चालत जायचं, शेवटी एक रुंद कट्टा, तिथे उभं राहून बघायचं आणि त्याच वाटेने परत. तिकीट आहे, आणि परदेशी माणसाला तिथल्या नागरिकापेक्षा जास्त. मुलीने याआधी पेंग्विन बघितले होते ते राणीच्या बागेत, काचेच्या मागे, तिला वाटलं इथे जवळ जाता येईल, हात लावता येईल, ती थोडी हिरमुसली. आणि मग फळीच्या कडेला, झुडपाखाली, आमच्यापासून तीन हातांवर एक पेंग्विन अंड्यावर बसलेला दिसला.

आम्ही तिथे वीसेक मिनिटं उभे होतो. डोळ्याच्या वर त्यांना गुलाबी कातडी असते, पिसं नसलेली, ऊन लागलं की तिथून अंगातली उष्णता बाहेर पडते, ती चांगलीच गुलाबी झालेली. मग समुद्राकडून दुसरा आला, अंग ओलं, पोटाला वाळू चिकटलेली, झुडपापाशी थांबला, दोघांनी मान वर केली आणि गाढवासारखे ओरडले. खरंच गाढवासारखे, म्हणून तर इंग्रजीत त्यांना गाढव-पेंग्विनच म्हणायचे. बसलेला उठला, क्षणभर मळकट पांढरं अंडं दिसलं, आलेल्याने चोचीने ते हळूच पोटाखाली ओढून घेतलं आणि बसला. पहिला आळोखेपिळोखे देऊन समुद्राकडे निघाला. आई म्हणाली, "सुटली बिचारी." आईने आम्हा दोघा भावांना एकटीने वाढवलं, वडील पण बोटीवरच होते, नऊ-नऊ महिने घरी नसायचे. तिने त्या पक्ष्यात काय बघितलं ते मी विचारलं नाही.

तर मुद्दा असा. त्या कट्ट्यावर शंभरेक माणसं असतील, निम्मी आमच्याच बोटीवरची. आदल्या रात्री डेकवर डीजेपुढे अडीच वाजेपर्यंत नाचणारी हीच माणसं इथे कुजबुजत बोलत होती, लहान मुलांना कडेवर घेत होती, कुणी कठड्यावरून पाय टाकला नाही, कुणी चिप्स फेकले नाहीत. माणसं बदलली नव्हती. जागा कशासाठी आहे ते त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, कुठवर यायचं ती रेषा दिसत होती आणि रेषेवर लक्ष ठेवणारा माणूस पगारावर होता. आपल्याकडे नेहमी म्हणतात की टुरिस्टच घाणेरडा, त्याला शिस्त नाही, काय करणार. मला आता हे पटत नाही. टुरिस्ट तुम्ही जेवढी जागा द्याल तेवढी घेतो. आपण मोरजीत त्याला सगळीच दिली.

आता कुणी म्हणेल, तिकडे जंगल असेल, मोकळी जागा असेल, आपल्याकडे गाव आहे. हेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण बोल्डर्स हे गावच आहे. घरं आहेत, बंगले आहेत, अंगणात कपडे वाळत घातलेत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पेंग्विनच्या फक्त दोन जोड्या येऊन राहिल्या, पुढे वाढत वाढत तीन हजारांच्या आसपास पक्षी झाले. लोकांच्या बागेत घुसायला लागले, रात्रभर ओरडायला लागले, रहिवाशांनी तक्रारी केल्या, ज्या कुणीही केल्या असत्या. मग कुंपण आलं, फळ्यांची वाट आली, तो भाग नॅशनल पार्कच्या ताब्यात गेला. म्हणजे गाव उठवलं नाही, पक्षी हाकलले नाहीत, कोण कुठे राहणार याची वाटणी केली. आज त्याच गावात हॉटेलं, कॉफीची दुकानं, टॅक्सीवाले, सगळे त्या पक्ष्यांवर जगतात.

आणि मोरजीत काय आहे ते सांगतो, कारण बाहेरच्यांना मोरजी म्हणजे फक्त पार्टी माहीत असते. शापोरा नदी जिथे समुद्राला मिळते तिथे टेंबवाडा, त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या बाकीच्या तीन जागा. मादी रात्री येते, मागच्या पायांनी हातभर खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते, अंगाने ठोकून ठोकून सपाट करते आणि तासाभरात परत जाते, पुन्हा त्या पिल्लांना कधी बघत नाही. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात, तीही बहुतेक रात्रीच, आणि जिकडे जास्त उजेड तिकडे जातात. निसर्गात रात्री जास्त उजेड समुद्राकडे असतो, म्हणून ती वाचत आली. आता जास्त उजेड शॅककडे, म्हणजे वाळूवरच्या झोपडीवजा हॉटेलांकडे, असतो.

चार वर्षांपूर्वी पहाटे मी फिरायला गेलो होतो, अजून पुरता उजेड झाला नव्हता. एका शॅकच्या पुढे सनबेडच्या रांगेत काहीतरी हलताना दिसलं. पिल्लं होती, तळहातापेक्षा लहान, काळी, वाळूने माखलेली, समुद्राकडे पाठ करून शॅकच्या पायरीपाशी गोळा झालेली, वर रात्रभर जळत राहिलेली दिव्यांची माळ. कावळे आधीच पोचले होते. मी आणि तिथला झाडू मारणारा पोरगा, आम्ही बादलीत घालून अठरा पिल्लं पाण्यापाशी नेली. किती त्याआधी गेली ते मोजायची सोय नव्हती. हे घरटं फॉरेस्टवाल्यांना सापडलंच नव्हतं, नाहीतर त्यांनी जाळी मारली असती. ते जमेल तेवढं करतात, रात्री फिरतात, अंडी उचलून कुंपणात पुरतात, तारीख आणि अंड्यांचा आकडा लिहून पाटी लावतात, या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण कुंपणात अंडी ठेवता येतात, अंडी घालायला येणारी मादी ठेवता येत नाही. मादी पाण्यातून अर्ध्या वाळूपर्यंत येते, दिवे दिसले, माणसं पळत मोबाईलचा फ्लॅश मारत आली, की अंडी न घालता माघारी फिरते. ती कुठल्याच हिशेबात येत नाही. हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं असं अभ्यासक सांगतात, मग एकेका मादीचं माघारी जाणं केवढं महाग पडतं बघा.

कायदा नाही असं तर अजिबातच नाही. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, ऑलिव्ह रिडले त्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. २०११ च्या सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांच्या, अधिसूचनेत तर मांद्रे, मोरजी, गालजीबाग, आगोंद अशी चार नावं घालून लिहिलंय की या कासवांच्या जागा आहेत, त्यांचा सर्व्हे करा, व्यवस्थापन आराखडा करा आणि कासवांच्या प्रजननाच्या भागात कुठलंही विकासकाम होऊ देऊ नका. नाव घालून लिहिलंय! बोल्डर्सची रेषा लाकडाची आहे, आपली कागदाची. कागदाची रेषा रात्री दिसत नाही, आणि कासव रात्रीच येतं.

आता शॅकवाल्यांचं. माझा सख्खा चुलत भाऊ शॅकवाला आहे, त्यामुळे मी हे लांबून बोलत नाही. त्याचं म्हणणं असं की सीझन पाच-सहा महिन्यांचा, लायसन्स फी, मजुरांचे पगार, वीज, मोपाचा विमानतळ २०२३ पासून सुरू झाल्यावर गर्दी वाढली खरी पण भाडीपण तेवढीच चढली, आणि नेमका आमचा सीझन आणि कासवांचा सीझन एकच, तर कासवांसाठी आम्ही उपाशी मरायचं का. प्रश्न खरा आहे, त्याला उडवून लावणाऱ्यांशी माझं पटत नाही. पर्यावरणावर पणजीत बसून बोलणारे पुष्कळ असतात, त्यांची चूल किनाऱ्यावर पेटत नाही. पण भावाला मी हेच सांगतो की सगळा किनारा कुणी मागत नाहीये. कासवं येतात तो पट्टा ठरलेला आहे, फॉरेस्टवाल्यांना पावलापावलाने माहीत आहे. तेवढा पट्टा सीझनभर रात्रीचा बंद ठेवा, दिवसा दोरीच्या बाहेरून बघू द्या, बाकीच्या किनाऱ्यावर दिवे खाली वळवा, झाकणं लावा, पांढऱ्याऐवजी लालसर-पिवळे लावा, कारण कासवाला त्या उजेडाचा त्रास खूप कमी होतो. आणि दहानंतर उघड्यावर मोठ्याने म्युझिक नको, हे तर कासव नसतं तरी कायद्यात आहेच. यात उपाशी कोण मरतो ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. अडचण होईल ती रात्रभर डीजे लावणाऱ्याची, आणि खरं बोलायचं तर त्यातले किती गावचे आहेत? लायसन्स गावातल्याच्या नावावर आणि चालवणारा तिसराच कुणीतरी, हे मोरजीपासून काणकोणपर्यंत शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

कमाईचं म्हणाल तर दक्षिण आफ्रिकेला जायचीही गरज नाही. रत्नागिरीत मंडणगड तालुक्यात वेळास आहे, तिथे गावकऱ्यांनी कासवांची घरटी राखली, पिल्लं समुद्रात सोडताना बघायला पुण्या-मुंबईहून लोक येतात, गावातल्याच घरांत राहतात, सोलकढी आणि उकडीचे मोदक खातात, पैसा घराघरात जातो. डीजेशिवाय जातो. आमच्याकडे तर विमानतळ आहे, रस्ते आहेत, हॉटेलं आहेत, इंग्रजी बोलणारी पोरं आहेत. टेंबावर फळ्यांचा कट्टा बांधून, तिकीट लावून, गावच्याच पोरांना गाईड म्हणून ठेवून, गोंयकारांना कमी आणि बाहेरच्यांना जास्त दर ठेवला तर कोण येणार नाही? बोल्डर्सला आम्ही चौघांनी रांगेत उभं राहून पैसे दिले आणि एकालाही ते जड गेले नाहीत.

आणि नियम म्हटला की तो सरकारनेच वरून आणायचा असंही नाही. गोव्याचं आणि पेंग्विनच्या मुलखाचं नातं जुनं आहे, ६ डिसेंबर १९८१ ला डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली ती गोव्यातून, आणि आज ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्रही वास्कोला सड्यावर आहे. त्या अंटार्क्टिकावर टुरिस्ट नेणाऱ्या कंपन्यांनी १९९१ मध्ये स्वतःची संघटना काढली आणि स्वतःवर नियम घालून घेतले. एका जागी एका वेळी शंभरच माणसं किनाऱ्यावर, पाचशेच्या वर प्रवासी असलेल्या बोटीने कुणाला उतरवायचंच नाही, पेंग्विनपासून पाच मीटर लांब, बूट धुऊन उतरायचं, धुऊन परत चढायचं. धंदेवाईक लोक आहेत ते, संत नव्हेत. त्यांना एवढंच कळलं होतं की पेंग्विन गेले तर तिकीट कोण काढणार. आमच्या शॅक असोसिएशनला हे कळणार नाही असं मी मानत नाही.

इथपर्यंत बोल्डर्सचं कौतुक झालं, पण अर्धीच गोष्ट सांगितली तर ते बरोबर होणार नाही. तिथल्या गाईडने आम्हाला जे सांगितलं ते ऐकून बायकोचा चेहरा पडला. हा आफ्रिकन पेंग्विन ऑक्टोबर २०२४ मध्ये अतिसंकटग्रस्त यादीत गेला, जगातल्या अठरा जातींतला पहिलाच. दहा हजारांपेक्षा कमी जोड्या उरल्यात. शंभर वर्षांपूर्वी लाखोंनी होते. आधी माणसांनी त्यांची अंडी खाल्ली, मग खतासाठी त्यांच्या विष्ठेचे थर खरवडून नेले ज्यात ते बिळं करायचे, मग तेल सांडलं. २००० साली एक जहाज केपटाऊनजवळ बुडालं तेव्हा एकोणीस हजार पेंग्विन हाताने धुऊन काढावे लागले, हजारो लोकांनी ते केलं. पण आत्ता ते मरतायत ते भुकेने. त्यांचं खाणं तारले आणि मांदेली-मोतियाळ्यांसारखे छोटे मासे, ते मोठ्या जाळ्यांनी उपसले जातात, शिवाय समुद्र तापतोय आणि मासे लांब सरकतायत. घरट्यावर बसलेल्याला सोडवायला दुसरा वेळेत परतलाच नाही तर अंडं सोडून उठावं लागतं. म्हणजे जमिनीवर फळ्या, कठडा, गार्ड, सगळं असूनही समुद्रात रेषा नसेल तर उपयोग अर्धाच. बोल्डर्सला ते वाढले त्याचं एक कारणही हेच सांगतात की तिथल्या फॉल्स बे या उपसागरात व्यापारी मासेमारी कमी केली होती.

आम्ही घरी येऊन पंधरवडा होतोय तोच बातमी वाचली की तिथल्या कोर्टाने सहा पेंग्विन वसाहतींच्या भोवती दहा वर्षांसाठी तारले आणि त्या छोट्या माशांची व्यापारी मासेमारी बंद केली. पक्षीवाल्या संस्था कोर्टात गेल्या होत्या, मच्छीमार उद्योगाशी तडजोड झाली, कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. उशीर झाला असेल, पण समुद्रात रेषा आली.

आमच्या समुद्रात तर रेषा १९८० पासून आहे. रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांनी, आंदोलन केलं, उपोषणं केली, मार खाल्ला, त्यातून कायदा आला की किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आत ट्रॉलर नको. आता रात्री आमच्या गच्चीवर या आणि मोजा. एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे खेचून करायच्या मासेमारीला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी रापणकार आजही त्याच मागणीसाठी उभे आहेत, आणि बाजारात तारले कधी मिळतात कधी नाहीत, मिळाले तर भाव ऐकून आई परत फिरते. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलेलं कासव श्वास न मिळून मरतं, त्याला दर थोड्या वेळाने वर यावंच लागतं. जाळ्यातून कासव निसटावं म्हणून बसवायची लोखंडी चौकट असते, ती आपल्या ट्रॉलरना नाही म्हणून अमेरिकेने २०१९ मध्ये आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलं, तेव्हा इथे त्या चौकटीची चर्चा वाढली. रापणकाराचं पोट आणि कासवाचा जीव एकाच पाच किलोमीटरच्या पट्ट्यात आहे. म्हणून मला हे पर्यावरणवाले विरुद्ध गाववाले असं भांडण लावलं जातं त्याचा राग येतो. गाववाल्याचीच बाजू आहे ही.

मला हेही लक्षात येतंय की पेंग्विनवर प्रेम करणं सोपं असतं. तो उभा राहतो, माणसासारखा चालतो, दिवसाढवळ्या दिसतो, बोल्डर्सला तर मगवर, टोपीवर, टॉवेलवर तोच. कासव अंधारात येतं आणि अंधारातच जातं, आमच्या गावातल्या अर्ध्या मुलांनी अंडी घालणारी मादी बघितलेली नाही. माझ्या मुलीने बघितली नव्हती. परत आल्यावर मार्च-अखेरीला फॉरेस्टवाल्यांच्या परवानगीने तिला पिल्लं सोडताना नेलं, पहाटे, दोरीच्या अलीकडे उभं केलं. तिने एकदाही पुढे पाय टाकला नाही. मी काही सांगितलं नव्हतं. शेवटचं पिल्लू दोनदा लाटेने मागे फेकलं गेलं, तिसऱ्यांदा गेलं, तोवर ती माझं मनगट धरून उभी होती, नखं लागेपर्यंत.

येत्या ग्रामसभेत विषय घ्यावा म्हणून मी लेखी दिलंय. टेंबावरचा कासवांचा पट्टा खांब आणि दोरीने आखावा, नोव्हेंबर ते मे रात्री बंद, वाळूत गाडी आणली तर दंड आणि तो तिथल्या तिथे, शॅकच्या लायसन्सला दिव्यांची अट जोडावी, कट्टा आणि तिकिटाचा प्रस्ताव पंचायतीने वन खात्याकडे पाठवावा आणि त्यातला वाटा गावाला मिळावा, शिवाय पाच किलोमीटरच्या आतल्या ट्रॉलरबद्दल मत्स्य खात्याला पत्र. आजपर्यंत एकवीस सह्या झाल्यात, सात रापणकारांच्या, तीन शॅकवाल्यांच्या, पहिली आईची. चुलत भावाने अजून केलेली नाही, पण परवा रात्री त्याचा फोन आला होता, ते लालसर बल्ब म्हापशाला कुठे मिळतात का म्हणून विचारत होता.